ज्यूसच्या कारखान्यातली कादंबरी आणि वालेरिया लुइसेली

पुस्तकाच्या मागच्या कव्हरवर "प्रयोगशील कादंबरी" असं दिसलं की माझा हात आपोआप शेजारच्या पुस्तकाकडे जातो, खोटं कशाला बोलू. वाटतं आता यात पात्रांना नावं नसणार, कोण बोलतंय ते समजणार नाही, अर्ध्यात गोष्ट तिसरीकडेच जाणार आणि शेवटी कळलं नाही म्हटलं तर आपलीच अक्कल निघणार. वालेरिया लुइसेली या मेक्सिकन लेखिकेचं पुस्तक पहिल्यांदा हातात आलं तेव्हा अगदी तसंच झालं, साठेक पानं रेटली आणि उशाशी ठेवून दिलं ते तिथेच राहिलं. मग कधीतरी कळलं की हिने एक कादंबरी चक्क ज्यूसच्या कारखान्यातल्या कामगारांना हप्त्याहप्त्याने पाठवून, त्यांचं बोलणं ऐकून, त्यावरून पुढचा भाग लिहून अशी पूर्ण केलीय. म्हटलं हे काय प्रकरण आहे बघू तरी. आणि ते बघितल्यावर उशाशी पडलेलं पुस्तकही एकदम वेगळं दिसायला लागलं, म्हणून हा लेख.

आधी बाई कोण ते थोडक्यात सांगतो. जन्म १९८३, मेक्सिको सिटी. दोन वर्षांची असतानाच घरचे अमेरिकेत विस्कॉन्सिनमधल्या मॅडिसनला गेले, मग वडिलांच्या कामामुळे कोस्टा रिका, दक्षिण कोरिया, दक्षिण आफ्रिका असं बिऱ्हाड फिरत राहिलं, वडील मंडेलांच्या काळात दक्षिण आफ्रिकेत मेक्सिकोचे राजदूत होते. म्हणजे शाळा इंग्रजीत आणि घरात स्पॅनिश, आणि ज्या देशाचा पासपोर्ट आहे तो देश मात्र सुट्टीत बघायचा. सोळाव्या वर्षाच्या आसपास ती मेक्सिकोत परत आली आणि तिथून लगेच शिकायला भारतात, आणि भारतात म्हणजे कुठे तर आपल्या मुळशीत, पौडजवळच्या महिंद्रा युनायटेड वर्ल्ड कॉलेजमध्ये! हे वाचलं तेव्हा मी दोनदा खात्री करून घेतली. पुढे मेक्सिकोच्या राष्ट्रीय विद्यापीठात तत्त्वज्ञान शिकली आणि न्यूयॉर्कला कोलंबिया विद्यापीठातून तौलनिक साहित्यात डॉक्टरेट केली. मुळशीचं तिच्या कादंबऱ्यांत मला काही सापडलं नाही, त्यामुळे त्यावरून उगाच नातं जोडत बसत नाही. पण एक गोष्ट लक्षात ठेवा, ही बाई लहानपणापासून जिथे जाईल तिथे आधी ऐकत बसलेली आहे, कारण बोलायची भाषा दर दोन-चार वर्षांनी बदलत होती. पुढे हे कामाला येईल.

आता तो शब्द, प्रयोगशील. मला जेवढं समजलं तेवढं सांगतो, जाणकारांनी सांभाळून घ्या. गोष्ट सरळ सांगता येत असताना लेखक मुद्दाम कोलांट्या मारत असेल तर वाचणाऱ्याला राग येणारच. पण कधी कधी गोष्टच अशी असते की ती सरळ सांगितली तर खोटी होते, म्हणजे सांगणाऱ्याला मधला भाग माहीतच नाही, किंवा शेवट अजून झालेलाच नाही, किंवा ती गोष्ट सांगायचा हक्क आपला आहे का हाच प्रश्न आहे. तेव्हा नेहमीचा साचा चालत नाही आणि दुसरं काहीतरी शोधावं लागतं. लुइसेलीच्या प्रत्येक पुस्तकाचा आकार वेगळा आहे आणि प्रत्येक वेळी तो आकार असाच कुठल्या तरी अडचणीतून आलाय. आणि जवळजवळ प्रत्येक वेळी त्या अडचणीवरचा तिचा उपाय एकच, कुणीतरी वाचतंय आणि कुणीतरी ऐकतंय अशी जागा पुस्तकाच्या आतच तयार करायची.

तिचं पहिलं पुस्तक २०१० चं, छोट्या निबंधांचं, स्पॅनिशमध्ये 'पापेलेस फाल्सोस' म्हणजे खोटी कागदपत्रं. सायकलवरून मेक्सिको सिटी फिरणं, व्हेनिसमधल्या बेटावरच्या स्मशानात कवी ब्रॉड्स्कीचं थडगं शोधणं, शहरात इमारतींच्या आणि रस्त्यांच्या मधे उरलेल्या बिनकामाच्या तिरप्या-तारप्या जागा, असे विषय. छान आहे पण त्यावर फार थांबत नाही.

पहिली कादंबरी २०११ ची, 'लॉस इंग्राविदोस'. शब्दशः म्हणजे वजन नसलेले. इंग्रजीत तिचं नाव 'फेसेस इन द क्राउड' झालं, ते अमेरिकन कवी एझरा पाउंडच्या पॅरिस मेट्रोवरच्या प्रसिद्ध दोन ओळींच्या कवितेवरून. यात मेक्सिको सिटीतल्या एका घरात एक बाई आहे, तिला एक मुलगा आणि एक तान्हं बाळ, आणि ती रात्री जमेल तसं लिहितेय. तिची अडचण साधी आहे, मोठी कादंबरी लिहायला मोठा दम लागतो आणि पोरं दम घेऊ देत नाहीत. म्हणून ती जे लिहिते ते तुकड्यातुकड्यांत, एक परिच्छेद, मग जागा सोडलेली, मग दुसरा परिच्छेद, बाळ रडलं, परत जागा. म्हणजे पानावर दिसणाऱ्या त्या मोकळ्या जागा स्टाइल म्हणून नाहीयेत, त्या जागेत बाळाला पाजणं चाललंय! ज्या बायांनी पोरं निजवून रात्री अकरानंतर काही लिहायचा प्रयत्न केलाय त्यांना हा "प्रयोग" समजावून सांगायची गरज पडणार नाही.

ती लिहितेय आपल्या जुन्या दिवसांबद्दल, न्यूयॉर्कमध्ये एका छोट्या प्रकाशनात कामाला होती तेव्हाबद्दल. प्रकाशकाला चिलीच्या गाजलेल्या रॉबेर्तो बोलान्योनंतर पुढचा खपणारा लॅटिन अमेरिकन लेखक हवाय. हिला सापडतो गिल्बेर्तो ओवेन नावाचा कवी. हा ओवेन खरा माणूस, १९०४ ते १९५२, मेक्सिकोच्या 'कोन्तेम्पोरानेओस' नावाच्या कवीमंडळीतला, १९२८ मध्ये न्यूयॉर्कच्या मेक्सिकन वकिलातीत नोकरीला होता आणि शेवटी फिलाडेल्फियात वारला. प्रकाशक ऐकत नाही म्हणून ही सरळ थाप मारते, एका मोठ्या अमेरिकन कवीने ओवेनच्या कवितांचे केलेले अनुवाद मला सापडलेत म्हणून स्वतःच बनवून देते. इथपर्यंत गंमत आहे. मग हळूहळू ओवेन स्वतः बोलायला लागतो, त्याला सबवेच्या खिडकीतून समोरच्या गाडीत एक बाई दिसत राहते, आणि तिलाही तो दिसत राहतो, आणि अर्ध्यानंतर नक्की कोण कुणाला लिहितंय ते सांगता येत नाही. मधेमधे नवरा खांद्यावरून वाकून लिहिलेलं वाचतो आणि हे खरं का, हा माणूस कोण, असं विचारतो, आणि मग पुढच्या तुकड्यात ती काहीतरी बदलते. हा नवरा म्हणजे या पुस्तकातला पहिला वाचक, आणि त्याच्या वाचण्याने पुस्तक वाकतं. ही कल्पना इथे घरातल्या घरात आहे, पुढच्या पुस्तकात ती थेट कारखान्यात गेली.

मेक्सिको सिटीला लागून एकातेपेक नावाचं भलंमोठं औद्योगिक उपनगर आहे. तिथे हुमेक्स कंपनीचा ज्यूसचा कारखाना. त्या कारखान्याच्या आवारातच त्या कंपनीची आर्ट गॅलरी होती, म्हणजे आंब्या-पेरूच्या ज्यूसमधून आलेल्या पैशातून लॅटिन अमेरिकेतला आधुनिक कलेचा एक फार मोठा संग्रह उभा राहिला आणि तो ठेवला कुठे तर कारखान्याच्या शेजारी. कामगार पलीकडे शिफ्ट करतायत आणि अलीकडे पांढऱ्या भिंतींवर जगभरातल्या नावाजलेल्या कलाकारांची कामं. दोघांच्या मधे भिंत एकच पण येणंजाणं काही नाही. २०१३ मध्ये तिथल्या एका प्रदर्शनाच्या कॅटलॉगसाठी लुइसेलीला काहीतरी लिहून मागितलं गेलं. तिच्यापुढे प्रश्न असा की हे लिहायचं कोणासाठी, गॅलरीत येणाऱ्या मूठभर लोकांसाठी की जे रोज तिथे आहेत पण ज्यांना कुणी विचारलेलं नाही त्यांच्यासाठी?

तिला आठवले क्युबातले तंबाखूच्या कारखान्यातले वाचक. ही गोष्ट फार भारी आहे म्हणून जरा थांबतो. एकोणिसाव्या शतकात हवानामध्ये, १८६५ च्या सुमारास, सिगार वळणाऱ्या कामगारांनी एक पद्धत सुरू केली. सगळे बसून दिवसभर सिगार वळणार, आणि त्यांच्यातलाच किंवा खास नेमलेला एक माणूस उंच जागी बसून मोठ्याने वाचणार, सकाळी पेपर आणि नंतर कादंबरी. आणि हे वाचणाऱ्याचे पैसे कामगार आपल्या पगारातून वर्गणी काढून द्यायचे. वाचक कोण, पुस्तक कोणतं, हे पण तेच ठरवायचे. ज्यांना अक्षरओळख नव्हती अशा लोकांनी ह्यूगो आणि द्यूमा हे फ्रेंच कादंबरीकार ऐकून पाठ केलेले. मॉन्टेक्रिस्टो हा सिगारचा जगप्रसिद्ध ब्रँड आहे ना, ते नाव द्यूमाच्या 'काउंट ऑफ मॉन्टेक्रिस्टो' या कादंबरीवरून, कामगारांना ती इतकी आवडायची म्हणून. आपल्याकडे श्रावणात एकजण पोथी वाचतोय आणि बाकीचे वाती वळत ऐकतायत हे ज्याने पाहिलंय त्याला हे चित्र डोळ्यासमोर आणायला वेळ लागणार नाही, फरक एवढाच की हवानात मजूर आपल्या पैशाने कादंबरी ऐकत होते आणि मालकवर्ग आणि सरकार यांना त्याची भीती वाटून बंदी घालायचे प्रयत्नही झाले.

तर लुइसेलीने ठरवलं की आपण असंच करायचं, फक्त आपण असू न्यूयॉर्कला. तिने पहिला हप्ता लिहून पाठवला, तो स्वस्तातली पुस्तिका म्हणून छापून कामगारांना दिला गेला. काही कामगारांचा गट जमला, ते एकत्र बसून मोठ्याने वाचायचे आणि मग त्यावर बोलायचे, ते सगळं बोलणं रेकॉर्ड करून एमपीथ्री फाइल तिला पाठवली जायची. ती ऐकायची, टिपणं काढायची आणि दुसरा हप्ता लिहायची. कामगारांनी आपल्या आजूबाजूचे फोटो पाठवले, गल्लीतले किस्से सांगितले, स्वतःच्या आयुष्यातल्या गोष्टी सांगितल्या, आणि त्यातलं बरंच कादंबरीत गेलं. स्वतःचं नाव तिने लावलं नाही, गुस्तावो सांचेस सांचेस या टोपणनावाने लिहिलं, आणि तेच तिच्या नायकाचं नाव. या पद्धतीला तिने गमतीत एक फॉर्म्युलाही दिलाय ज्यात डिकन्स आणि बाल्झाक हे जुने कादंबरीकार, एमपीथ्री आणि जेपेग (म्हणजे फोटोची फाइल) यांची बेरीज-भागाकार आहे. डिकन्सचं ठीकच आहे, तोही हप्त्याहप्त्याने लिहायचा आणि वाचक काय म्हणतात याच्यावर कान ठेवून असायचा. आपल्याकडे सिरियलवाले टीआरपी बघून कथा वळवतात तेव्हा आपण शिव्या घालतो, पण इथे आकडे नव्हते, माणसं बोलत होती, हा फरक मोठा आहे.

निघालेली कादंबरी म्हणजे 'ला इस्तोरिया दे मिस दिएन्तेस', माझ्या दातांची गोष्ट. इंग्रजी आवृत्ती २०१५ ची, 'द स्टोरी ऑफ माय टीथ'. नायक गुस्तावो, टोपणनाव कार्रेतेरा म्हणजे हायवे, आधी ज्यूसच्या कारखान्यात सुरक्षारक्षक, मग लिलाव पुकारणारा. दात वाकडे म्हणून आयुष्यभर खंत. मग एका लिलावात तो मेरिलिन मन्रोचे दात विकत घेतो आणि तेच स्वतःच्या तोंडात बसवून घेतो. (खरंच मन्रोचे का? हायवे म्हणतो म्हणजे असतील.) नंतर एका चर्चमध्ये तो आपलेच जुने दात लिलावाला काढतो, आणि प्रत्येक दात कुणातरी थोराचा म्हणून, हा प्लेटोचा, हा संत ऑगस्टिनचा, हा रूसोचा, हा व्हर्जिनिया वूल्फचा, हा बोर्हेसचा. आणि दाताबरोबर त्या माणसाची एक गोष्ट पुकारतो. मुद्दा सरळ आहे, दाताला किंमत नाही, गोष्टीला आहे. पलीकडच्या गॅलरीतल्या वस्तूंना किंमत कशामुळे येते हेच तर तिला विचारायचं होतं, कारण तिथेही एखादी साधी वस्तू ठेवून शेजारी नावाची पाटी लावली की ती लाखाची होते. तेच तिने उलटं केलं, मोठमोठी नावं उचलून साध्या माणसांना चिकटवली. हायवेचे नातेवाईक कोण, तर मार्सेलो सांचेस प्रूस्त, मिगेल सांचेस फूको असले, आणि ते काय करतात तर कुणाचाही काका-मामा करतो तेच. पोराचं नाव सिद्धार्थ, ज्याने बापाशी अजिबात बरं वागलेलं नाही.

आता माझं मत. नावांची ही गंमत पहिल्या पन्नास पानांत मस्त वाटते, नंतर नंतर दर पानाला एक फ्रेंच तत्त्वज्ञ मांडवात येतो तेव्हा जरा कंटाळा येतो, आणि कामगारांना तरी यातले सगळे विनोद कळले असतील का असं मनात येऊन जातं. पण मग वाटतं की आपण हे जे गृहीत धरतो की त्यांना कळलं नसेल, तोच तर त्या भिंतीचा भाग आहे. असो. इंग्रजी आवृत्तीत आणखी एक गोष्ट झालीय, शेवटचं प्रकरण लेखिकेचं नाहीच, ते अनुवादिका क्रिस्टिना मॅकस्वीनी हिने लिहिलंय, हायवेच्या आयुष्याचा आणि त्या काळाचा तारीखवार तक्ता. मूळ स्पॅनिशमध्ये तो नव्हता. म्हणजे आधी कामगार आत आले, मग अनुवादकही आत आला. आपल्याकडे अनुवादकाचं नाव कव्हरवर छापायचं की नाही यावर अजून भांडणं होतात आणि इथे त्याला एक प्रकरणच देऊन टाकलं.

इथपर्यंत सगळं हसतखेळत चाललेलं. पुढची गोष्ट तशी नाही.

२०१४ च्या उन्हाळ्यात अमेरिकेच्या दक्षिण सीमेवर एकट्या येणाऱ्या मुलांची संख्या एकदम वाढली. एकट्या म्हणजे आईबापाशिवाय, ग्वातेमाला, होन्डुरास, एल साल्वादोरहून निघालेली, गुंडटोळ्यांपासून पळणारी किंवा अमेरिकेत आधी गेलेल्या आईकडे निघालेली. त्या एका आर्थिक वर्षात अमेरिकन सीमा पोलिसांनी पकडलेल्या अशा मुलांची संख्या ६८ हजारांवर गेली. वाटेत मेक्सिको लागतो, त्यात मालगाडीच्या टपावर बसून प्रवास, त्या गाडीला 'ला बेस्तिया' म्हणजे श्वापद म्हणतात, पडून हातपाय जातात, जीव जातो, अपहरणं होतात. लुइसेली त्याच उन्हाळ्यात घरच्यांबरोबर न्यूयॉर्कहून गाडीने ॲरिझोनाकडे निघाली होती, स्वतःच्या ग्रीन कार्डची वाट बघत. गाडीत रेडिओवर या बातम्या आणि मागच्या सीटवर स्वतःची पोरं.

परत आल्यावर २०१५ मध्ये ती न्यूयॉर्कच्या इमिग्रेशन कोर्टात स्वयंसेवी दुभाषी म्हणून जायला लागली. काम काय, तर मुलाला समोर बसवून चाळीस प्रश्नांचा एक फॉर्म भरायचा. अमेरिकेत का आलास, वाटेत काही वाईट घडलं का, गावी कुणी मारायचं का, परत गेलास तर काय होईल. मूल स्पॅनिशमध्ये सांगणार, ही इंग्रजीत लिहिणार, आणि त्या उत्तरांवरून वकील ठरवणार की ही केस घेता येईल का. इथे कायद्याची एक गोम लक्षात घ्या म्हणजे हे प्रकरण किती गंभीर ते कळेल. इमिग्रेशन कोर्टात सरकार फुकट वकील देत नाही, आरोपी पाच वर्षांचा असला तरी. आणि तेव्हाच्या सरकारने या मुलांच्या केसेस लवकर संपवायच्या म्हणून वकील शोधायची मुदत जवळपास वर्षभरावरून २१ दिवसांवर आणली. म्हणजे तीन आठवड्यांत वकील नाही मिळाला तर मायदेशी परत पाठवायचा हुकूम जवळजवळ नक्की. आणि वकील मिळायचा तर तुमच्या गोष्टीत दम हवा, तुम्हाला पुरेसं छळलेलं हवं, आणि ते तुम्हाला नीट सांगता यायला हवं.

आणि मुलं नीट सांगत नाहीत. कशी सांगतील, पाच-सात वर्षांची पोरं. ग्वातेमालातल्या दोन बहिणी होत्या, एक पाचची एक सातची, आजीने निघताना आईचा फोन नंबर त्यांच्या फ्रॉकच्या कॉलरवर आतून शिवून दिलेला आणि बजावलेलं की वाटेत फ्रॉक काढायचा नाही, कितीही मळला तरी. त्यांना विचारा वाटेत काय झालं, तर उत्तर धड मिळत नाही. गोष्ट येते ती उलटसुलट, मधले महिने गायब, जे महत्त्वाचं ते एका शब्दात आणि जे बिनमहत्त्वाचं ते दहा मिनिटं. घरी आली की हिची मुलगी विचारायची की मग त्या दोघींचं पुढे काय झालं, शेवट सांग ना. आणि हिला शेवट माहीत नसायचा, कारण फॉर्म भरून झाला की ती मुलं दाराबाहेर जायची आणि पुन्हा दिसायची नाहीत.

यातून आलं २०१७ चं छोटं पुस्तक 'टेल मी हाउ इट एंड्स', शंभरेक पानांचं, बांधणी त्या चाळीस प्रश्नांच्याच फॉर्मची. मला वाटतं तिचं सगळ्यात नीट जमलेलं पुस्तक हेच. यात ती कुठल्याच मुलाची गोष्ट स्वतःहून पुरी करत नाही, रकाना रिकामा राहिला असेल तर रिकामाच दाखवते. सरकारी फॉर्मचा साचा घेऊन त्याच साच्यात काय मावत नाही ते दाखवणं, प्रयोग म्हणायचा तर हा आहे आणि वाचायला अजिबात अवघड नाही, एका बैठकीत होतं.

आणि आता ते माझ्या उशाशी पडलेलं पुस्तक, 'लॉस्ट चिल्ड्रन आर्काइव्ह', २०१९. खरं तर कादंबरी तिने आधी सुरू केली होती, पण लिहिताना लक्षात आलं की आपण हिच्यात नुसता आपला राजकीय राग ओततोय, म्हणून ती बाजूला ठेवून ते चाळीस प्रश्नांचं निबंधवजा पुस्तक लिहून टाकलं, आणि मग राग तिकडे गेल्यावर कादंबरीकडे परत आली. तिने थेट इंग्रजीत लिहिलेली ही पहिली कादंबरी.

कथा वरवर सोपी. नवरा-बायको, त्याचा दहा वर्षांचा मुलगा, तिची पाच वर्षांची मुलगी, चौघं गाडीत, न्यूयॉर्क ते ॲरिझोना. कुणालाच नाव नाही. नवरा-बायको दोघंही आवाज रेकॉर्ड करणारे, न्यूयॉर्कमध्ये बोलल्या जाणाऱ्या भाषा टिपण्याच्या प्रोजेक्टवर भेटलेले. आता त्याला अपाची या अमेरिकेतल्या मूळ रहिवासी लोकांच्या शेवटच्या प्रदेशात जाऊन तिथले आवाज टिपायचेत, त्यांचा लढवय्या जेरोनिमो १८८६ मध्ये शरण आला तो सगळा भाग, म्हणजे जी माणसं आता तिथे नाहीत त्यांचे प्रतिध्वनी म्हणा. तिला सीमेवरच्या हरवलेल्या मुलांवर काहीतरी करायचंय. आणि दोघांचं लग्न आतून संपत आलंय हे मागच्या सीटवरच्या पोरांना बरोबर कळतंय. गाडीच्या डिकीत सात खोके, कुणाचं काय ते ठरलेलं, आणि मधेमधे त्या खोक्यांतल्या वस्तूंच्या याद्या पुस्तकात येतात. याच याद्यांपाशी मी पहिल्यांदा सोडलं होतं. आजही म्हणेन की पहिला अर्धा भाग लांबलाय, आई फारच पुस्तकं आठवत बसते आणि हायवेवरच्या मोटेलातसुद्धा तिला कुणीतरी थोर लेखक सुचतोच.

पण तिची अडचण काय ते बघा. ज्या मुलांचं दुःख आपलं नाही ते वापरून आपण कादंबरी करायची का, आणि केली तर त्यांच्या तोंडी शब्द कुठल्या हक्काने घालायचे? हा प्रश्न ती आई पानोपानी स्वतःला विचारते, आणि कादंबरीच्या बांधणीत त्याचं उत्तर असं काढलंय की सीमेकडे येणारी मुलं मुख्य गोष्टीत थेट बोलतच नाहीत. ती येतात एका लाल छोट्या पुस्तकातून, जे पुस्तकातलं पुस्तक आहे, त्याची लेखिका एला काम्पोसान्तो पूर्ण काल्पनिक (काम्पोसान्तो म्हणजे स्मशानभूमी, यावरूनच ओळखायचं). त्या लाल पुस्तकात मालगाडीच्या टपावरची सात मुलं आहेत, आणि त्यातल्या ओळींमधे पाउंड, एलियट, कॉनरॅड, रिल्के, मेक्सिकोचाच हुआन रुल्फो अशा जुन्या कवी-लेखकांचे आवाज मुरवलेत. म्हणजे मी त्यांच्या वतीने बोलतेय असं न म्हणता, मी वाचलेलं मोठ्याने वाचून दाखवतेय असं म्हटलंय. आणि खरंच, आई ते रेकॉर्डरवर मोठ्याने वाचते, पोरगा चोरून ऐकतो, मग तोही वाचतो. हवानाच्या कारखान्यातला तो उंच जागी बसलेला वाचक इथे भाड्याच्या खोलीत आणि गाडीत येऊन बसलाय.

अर्ध्यावर सांगणारा बदलतो, आई गप्प आणि मुलगा सुरू. (इथून पुढे थोडं स्पॉयलर आहे, वाचायची असेल तर हा परिच्छेद आणि लेखाचा शेवट सोडा.) मुलाला वाटतं की आईबापांना हरवलेल्या मुलांचीच जास्त काळजी आहे, तर आपणच हरवून बघू, म्हणून तो बहिणीला घेऊन वाळवंटात निघून जातो. दहा वर्षांच्या मानाने तो जरा जास्तच हुशार बोलतो, ते मला खटकलं, पण वेग असा येतो की पुस्तक खाली ठेवणं अवघड. आणि मग ते प्रसिद्ध वाक्य येतं, इको कॅन्यन नावाच्या दरीतलं, जवळजवळ वीस पानांचं एकच वाक्य, पूर्णविराम नाही. ही दोघं एका बाजूने चालतायत, लाल पुस्तकातली मुलं दुसऱ्या बाजूने चालतायत, स्वल्पविरामानंतर कधी ही बोलतात कधी ती, आणि कुठल्या तरी स्वल्पविरामापाशी पुस्तकातली मुलं आणि पुस्तक वाचणारी मुलं समोरासमोर येतात. इथे पूर्णविराम देऊन परिच्छेद पाडला असता तर ही मुलं वेगळी आणि ती मुलं वेगळी झाली असती. ती वीस पानं मोठ्याने वाचून बघा, मी दार लावून वाचली, श्वास कुठे घ्यायचा तेच कळत नाही आणि चालताना दम लागल्यासारखा लागतो.

बाकी मानसन्मान म्हणाल तर २०१९ मध्ये मॅकआर्थर फेलोशिप, बुकरची लाँगलिस्ट, २०२१ मध्ये या कादंबरीला डब्लिन लिटररी अवॉर्ड, ते १ लाख युरोचं. स्पॅनिशमध्ये ती 'देसिएर्तो सोनोरो' नावाने आली, त्या अनुवादात ती स्वतःही होती.

सुरुवात कुठून करायची असं कुणी विचारलं तर मी म्हणेन आधी चाळीस प्रश्नांचं ते छोटं पुस्तक, मग दात, आणि मग ही मोठी. मी उलटं केलं आणि वर्ष घालवलं. आणि मोठीच्या दुसऱ्या भागात शिरताना एक गोष्ट ध्यानात ठेवा, जी मला आधी कळलीच नव्हती. मुलाचा तो सगळा भाग आपल्याला उद्देशून नाहीये. प्रवास संपला की आईबाप वेगळे होणार आणि त्याची बहीण आईबरोबर जाणार, हे त्याला समजलंय. ती पाच वर्षांची आहे, तिला यातलं काही आठवणार नाही. म्हणून तो आईचा रेकॉर्डर घेऊन तिच्यासाठी सगळं बोलून ठेवतोय, ती मोठी झाल्यावर ऐकेल म्हणून.